पुन्हा अंक पहिला

बुधवारी सकाळी खोकी येतात.
लेक सुपिरिअरवर बर्फ अजून जाड, धक्क्याला एकही बोट नाही,
पण डलूथमध्ये माझ्या दारात खोकी येतात.
चिकटपट्टी कापते, आणि वरच तो:
टिन हेरॉन, अंक पहिला.
माझं दुकान उघडल्यापासूनचा हा पाचवा पहिला.

ऑरिन हापाला बूट आपटत येतो,
चष्म्यावरची वाफ पुसतो, मुखपृष्ठ बघतो
आणि गप्प राहतो.
हे लक्षण वाईट.

"सगळं विश्व नव्यानं सुरू केलंय," मी सांगते,
दुधाचा भाव वाढल्याचं सांगावं तसं.
"म्हणजे पहिले पाढे पंचावन्न."
"म्हणजे तसंच."
"आणि त्याचं लग्न?"
"झालंच नाही."
"दोनशे बाराव्या अंकात झालंय. मी होतो तिथे."

मी होतो तिथे, म्हणतो हा माणूस.
खनिजाच्या बोटीवर, रात्रपाळीत,
हातमोजे काढून वाचलं होतं त्यानं ते लग्न,
पानाला ग्रीस लागू नये म्हणून.
नवरीच्या झग्याचा रंग छपाईत चुकला होता.
तेही त्याला पाठ आहे.

तीन वाजता फेंग लोर येतो, दप्तरासकट.
त्याला नवा अंक आवडलाय, आणि ते लपवायचं वय नाही त्याचं.
"आधी वाचायला घेतलं तर काय? तीनशे अंक मागचे,
दोनदा मेलेला भाऊ, एक समांतर पृथ्वी,
आणि तळटीप: पाहा अंक एकशे सहा.
इथे निदान कळतं कोण कोणाचा कोण."
"नदीचं मूळ आणि हेरॉनचं कूळ," ऑरिन पुटपुटतो,
"दर पाच वर्षांनी कशाला विचारायचं?"
"मी पहिल्यांदाच विचारतोय," फेंग म्हणतो.

यावर ऑरिनकडे उत्तर नव्हतं.
त्यानं पेन्सिलीनं काउंटरवर एक रेघ ओढली, मग बोटानं पुसली.

मार्लिस ड्यूटी संपवून आली, नर्सच्या कपड्यांवरच कोट.
ती फक्त खलनायकाची मालिका घेते.
"विश्व कितीदाही बदला," ती म्हणते,
"त्याला सगळं आठवत असतं. चांगल्यांनाच विसर पडतो."

मी हिशेब करत होते. खरं सांगायचं तर
पहिला अंक खपतो, सदतिसावा खपत नाही,
आणि गरम हवेचं बिल त्या पहिल्यानंच भरलं जातं.
हे मी कोणाला बोलले नाही.

मग फेंगनं नववं पान उघडलं.
"हा असा का उतरतोय जिना?"
तीन चौकटी. कठड्यावर हात,
दर पायरीला डावा पाय आधी.
मार्लिसनं मान तिरकी केली:
"दुखरा पाय आधी खाली. आम्ही पेशंटला हेच शिकवतो."

ऑरिनच्या हातातलं भिंग हललं.
अठ्ठेचाळिसाव्या अंकात पूल कोसळला होता,
त्यात हेरॉनचा डावा गुडघा गेला.
नव्या विश्वात तो पूल उभा आहे,
चौथ्या पानावर त्याच्यावरून ट्रकसुद्धा जातो.
कुणाला काही झालेलं नाही.
आणि तरी हा असा उतरतोय.

"चित्रकाराची चूक," फेंग.
"चूक तीनदा होत नाही," ऑरिन.
"सवयीनं होते."
"कुणाच्या सवयीनं? चित्रकार नवीन पोरगी आहे!"
"मग तिनं जुने अंक वाचले असतील."
"तेच तर म्हणतोय मी!"
"नाही, तुम्ही वेगळं म्हणताय."
आणि पुन्हा जुंपली, आधीपेक्षा मोठ्यानं,
आता दोघं एकाच पानावर वाकून.

सहाला मी दिवे कमी केले.
ऑरिननं दोन प्रती घेतल्या,
एक वाचायला, एक भांडायला.
फेंगला दोनशे बारावा आणून देतो म्हणाला,
प्लास्टिकमधून बाहेर काढायचा नाही या अटीवर.
"मग वाचू कसा?"
"बघू."

दुकानाबाहेर तीन पायऱ्या आहेत.
त्याचा कोणता पाय आधी पडला, मी पाहिलं नाही.
शिवाय बर्फ होता,
आणि बर्फात सगळेच तसे उतरतात.